आईच्या फोनला परदेशात नेट नाही, तातडीने मदत हवी

विश्रामबागकर: आई भावाकडे पोचली. सांगलीतूनच रोमिंगचा पॅक मारून दिला होता. तिकडच्या कंपनीचं नाव दिसतंय, फोन लागतोय, पण नेट अजिबात नाही. भाऊ कामावर गेला की ती एकटी बाहेर पडते, नकाशा लागतो. कस्टमर केअर नुसतं "रीस्टार्ट करा" म्हणतं. लवकर सांगा.

तासगावची: भाऊ कुठल्या देशात? डेटा रोमिंगचं बटण चालू आहे का?

कृष्णाकाठ: तिकडचं ई-सिम (कार्डाविना चालणारं सिम) घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या मुलाने तेच केलं.

विश्रामबागकर: जर्मनी, म्युनिक. बटण चालू आहे. तिच्या फोनला ई-सिम चालत नाही. बँकेचे ओटीपीही याच नंबरवर येतात.

मिरजकर: युरोपात रोमिंग फुकट असतं की!

औदुंबर: ते युरोपियन युनियनमधल्या सिमना, 2017 पासून. आपल्या नाही.
नाव दिसतंय म्हणजे तिकडच्या कंपनीने सिममधला ओळख क्रमांक वाचून (आपला मोबाइल नंबर नव्हे; 404 किंवा 405 ने सुरू झाला की भारत) आपल्या कंपनीला विचारलं आणि होकार मिळाला. नेटचं गणित वेगळं. डेटा बहुधा आयपीएक्स नावाच्या खासगी जाळ्यातून आपल्या कंपनीच्या भारतातल्या गेटवेपर्यंत (इंटरनेटकडे जायच्या दारापर्यंत) येतो, मग इंटरनेटवर जातो. त्यामुळे एपीएन (कुठल्या गेटवेकडे जायचं ते सांगणारं फोनमधलं सेटिंग) आपल्याच कंपनीचा हवा, आणि त्या नेटवर्कशी डेटाचा करारही.

कृष्णाकाठ: म्युनिकचा नकाशा बघायला डेटा भारतात येणार? काहीतरीच.

औदुंबर: येतो. हिशेब आणि ताबा घरच्या कंपनीकडे राहतो ना. नेट सुरू झालं की आयपी पत्ता (इंटरनेटवर फोनला मिळणारा पत्ता) तपासा, भारताचा दिसेल.

मिरजकर: म्हैसाळच्या पुढे गेलं की मला कर्नाटकाचं नेटवर्क येतं. त्याचे जादा पैसे पडतात का?

तासगावची: त्याला वेगळा धागा काढा हो. विश्रामबागकर, पॅकच्या मेसेजमध्ये कुठल्या नेटवर्कची नावं आहेत?

विश्रामबागकर: आत्ता बघितलं. यादीत दोन नावं आहेत, फोनने तिसरंच पकडलंय!

तासगावची: मग सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवरून काढा आणि यादीतलं हाताने निवडा.

विश्रामबागकर: झालं! आईने घरातून खाली उतरून ट्रामच्या थांब्यावरून फोटो पाठवला. आयपी भारताचाच दिसतोय. दोघांचे मनापासून आभार.

कृष्णाकाठ: तरी ई-सिमच स्वस्त पडतं.

औदुंबर: परत आल्यावर निवड आठवणीने ऑटोमॅटिकवर टाका, नाहीतर मुंबईत उतरल्यावर फोन तेच जर्मन नेटवर्क शोधत बसायचा.

मिरजकर: म्हैसाळचं कुणी सांगेल का?