शब्दचर्चा : 'अ‍ॅबी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
गेल्या महिन्यात स्कॉटलंडमधली डनफर्मलिनची अ‍ॅबी पाहिली. राणी मार्गारेटनं १०७० च्या सुमारास तिथे बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या) साधूंना वसवलं, पुढे ११२८ मध्ये तिचा मुलगा राजा डेव्हिड पहिला यानं त्या लहान प्रायरीची, म्हणजे खालच्या दर्जाच्या वस्तीची, अ‍ॅबी केली. आईला पत्रात हे लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. 'चर्च' लिहिलं तर साधूंची वस्ती निसटते. 'मठ' लिहिलं तर तिच्या डोळ्यांपुढे स्वामींच्या पादुका येतात. काय लिहू?

प्रतिसाद
मठच लिहा. 'अ‍ॅबट'च्या मुळाशी अरामी भाषेतला 'अब्बा' आहे, म्हणजे बाप. तो ज्या मठाचा प्रमुख, ती अ‍ॅबी. आपल्याकडे मठाधिपती असतोच की. फक्त डेव्हिडनं वाढवलेला दर्जा 'मठ' या शब्दात दिसणार नाही, तो वेगळा सांगावा लागेल. 'महामठ' मला तरी ओढूनताणून आणलेला वाटतो.

प्रतिसाद
मठ पटला. मात्र तिथल्या बांधणीच्या शैलीला 'रोमनेस्क' म्हणतात, त्याचं 'रोमन' करू नका, ही चूक फार दिसते. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य या बांधकामाच्या सहाशे वर्षं आधीच बुडालं होतं. अर्धगोल कमानी आणि जाड भिंती पाहून अभ्यासकांनी हे नाव एकोणिसाव्या शतकात दिलं.
आणि 'नेव्ह', म्हणजे चर्चचा मधला लांब भाग, राहिलाच! मूळ लॅटिन 'नाविस', म्हणजे जहाज. आपली 'नाव' त्याच कुळातली. मला हा शब्द फार आवडतो, पण आईंना 'सभामंडप' लिहा. त्यांनी कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलं असेल तर आणखी सोपं: खांबांच्या दोन रांगा, मध्ये लांब मोकळी जागा, कडेनं चिंचोळ्या वाटा.

प्रश्नकर्ता
कार्ल्याला आम्ही दोघं गेलो होतो! मग असं लिहिलं: "आई, राणीनं वसवलेला हा मठ, इथले लोक त्याला अ‍ॅबी म्हणतात. आतून आपल्या कार्ल्यासारखा." साधू १५६० च्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेत गेले. पूर्वेकडे १८२१ मध्ये नवं चर्च उभं राहिलं, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याची कबर त्यातच आहे. तरी गाव सगळ्याला मिळून अ‍ॅबीच म्हणतं, म्हणून तो शब्द ठेवला.
एक राहिलं. तिथल्या काही जाडजूड खांबांवर इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथेड्रलसारख्या (बिशपच्या मुख्य चर्चसारख्या) नागमोडी रेघा कोरल्या आहेत. आपले पाथरवट अशा कामाला काय म्हणतात?