बालीतील सुबक आणि गावजीवन : माहितीसाठी मदत हवी आहे

सस्नेह नमस्कार. धुळे जिल्ह्यातील पांझरा खोऱ्यात फड पद्धतीच्या (नदीवर बंधारा घालून शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याच्या) पाटपाण्यावर वाढलेल्या घरातली मी असल्यामुळे, गेल्या वर्षी बालीच्या तबानान भागातील जातिलुविह गावात चार दिवस राहताना तिथली ‘सुबक’ ही पाणीवाटपाची व्यवस्था पाहून मला घरची फार आठवण आली. पाटात आडवा टाकलेला शेवाळलेला लाकडी ओंडका, त्याला पाडलेल्या कमी-अधिक रुंदीच्या खाचा आणि त्यात अडकलेला पालापाचोळा हाताने काढणाऱ्या एक आजी अजून डोळ्यांसमोर आहेत. खाचेच्या रुंदीवरून कोणाच्या वाट्याला किती पाणी, हे ठरते.

२०१२ मध्ये ही व्यवस्था युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्याआधी, १९७० च्या दशकात, सर्वांनी एकाच वेळी शेत पडीक ठेवून किडींना अन्न मिळू न देण्याची रीत मोडून सतत भात घेण्याचा आग्रह झाला, तेव्हा तपकिरी तुडतुड्यांनी पिकांची मोठी हानी केली. मला हा धडा आपल्याकडेही तितकाच मोलाचा वाटतो.

मी याविषयी मराठीत लेख लिहीत आहे. इंडोनेशियात वास्तव्य केलेल्यांनी कृपया सांगावे : ‘पकासेह’ म्हणजे सुबकचा प्रमुख कसा निवडतात, पाण्याचे तंटे प्रत्यक्षात कसे मिटतात, आणि एखाद्याने शेत हॉटेलसाठी विकले तर खालच्या शेतांच्या पाण्याचे काय होते? तरुण मुले शेतीत राहतात का, हेही जाणून घ्यायचे आहे.