एपस्टीन खटला : जुना करार असूनही २०१९ मध्ये अटक कशी झाली?

प्रश्न : अमेरिकेतील धनाढ्य वित्त व्यावसायिक जेफ्री एपस्टीनने २००८ मध्ये फ्लोरिडात गुन्हा कबूल करून जेमतेम तेरा महिने तुरुंगवास भोगला आणि केंद्रीय सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा करारही केला होता, मग न्यूयॉर्कमध्ये अल्पवयीन मुलींच्या लैंगिक तस्करीचा खटला कसा उभा राहिला?

प्रतिसाद १ : तो करार फ्लोरिडाच्या दक्षिण जिल्ह्यापुरताच (म्हणजे केंद्रीय न्यायव्यवस्थेच्या त्या विभागापुरताच) आहे, अशी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांची भूमिका होती.

प्रतिसाद २ : जामिनाचाही मुद्दा पाहावा. एपस्टीनच्या घरातील तिजोरीत रोकड, हिरे आणि त्याचाच फोटो पण भलतेच नाव असलेले परदेशी पारपत्र सापडले होते, त्यामुळे न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी जामीन नाकारला ते योग्यच झाले.

प्रतिसाद ३ : १० ऑगस्टला कोठडीत त्याचा मृत्यू झाला, तरी खटला बंद करण्यापूर्वी बर्मन यांनी २७ ऑगस्टला पीडित स्त्रियांना भर न्यायालयात बोलू दिले; जुना करार तर पीडितांना अंधारात ठेवूनच झाला होता.