भुसावळचं रेल्वे कुटुंब, इंग्लंडातलं मूळ: पॅरिशच्या वह्या आणि मृत्युपत्रं कशी शोधायची?

लोकोशेड_भुसावळ
भुसावळच्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबाची वंशावळ लावायची आहे. हातात एकच कागद आहे, मूळ पुरुषाच्या लग्नाच्या नोंदीची नक्कल. लग्न भुसावळला, १८८० च्या दशकाच्या मध्यावर. वय २७, जीआयपी रेल्वेत फिटर, वडिलांचं नाव दिलंय पण त्यांचा धंदा नाही, गाव नाही. घरात पूर्वीपासून ‘डर्बीचे’ एवढंच बोललं जातं. आडनाव टेलर, म्हणजे आपल्याकडे पाटील म्हणावं तसं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर डर्बीशायरात त्याच नावाच्या, वडिलांचंही नाव जुळणाऱ्या चार मुलांचे बाप्तिस्मे सापडतात, सगळे १८५५ ते १८५९ मधले. यातला आपला कोणता हे कसं ठरवायचं? आणि त्याच्या मागे १७०० पर्यंत जायचं तर पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) वह्या आणि मृत्युपत्रं कोणत्या क्रमानं पाहायची? विलायतेला जाणं शक्य नाही.

जुनी_वही
भाऊ, इंग्लंडला हात घालण्याआधी इकडची बाजू पुरती खणा. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. सूची फॅमिलीसर्चवर आणि फिबिस या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते, बऱ्याच पानांची छायाचित्रं फाइंडमायपास्टवर पैसे भरून. सूचीत ‘भुसावळ’ एकाच स्पेलिंगनं टाकून थांबू नका. त्या काळात ते चार-पाच तऱ्हांनी लिहिलंय, कधी नुसतं ‘खानदेश’ म्हणून. गावाचं नाव रिकामं ठेवून आडनाव आणि सालावर शोधा. लहान स्टेशनांवर पाद्री फेरीनं यायचा, त्यामुळे चाळीसगावच्या पोराचा बाप्तिस्मा दुसऱ्याच गावच्या वहीत निघू शकतो.

तुमच्या माणसाच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे काढा. मुलांची मधली नावं नीट पाहा. इंग्रजांत मधलं नाव बापाचं नसतं, पण पुष्कळदा आजीचं किंवा आईचं माहेरचं आडनाव तिथे ठेवलेलं असतं. चार उमेदवारांतून एक निवडताना हाच धागा कामाला येतो. लग्नाच्या नोंदीतले साक्षीदारही उतरवून ठेवा.

आता ते चार बाप्तिस्मे. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आहे. जीआरओच्या (तिथलं सरकारी नोंदणी कार्यालय) ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव मिळतं, मृत्यूच्या नोंदीपुढे वय. आधी मृत्यू तपासा. चौघांतला एखादा वर्षा-दोन वर्षांचा असतानाच गेलेला असण्याची शक्यता बरीच असते, तो बाद. मग १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेत उरलेले बघा, बापाचा धंदा आणि जन्मगाव तिथेच मिळेल. शेवटी १८९१. त्या वर्षी जो डर्बीत बायको-पोरांसह राहतोय तो भुसावळचा फिटर असणं अवघडच. डर्बीत मिडलँड रेल्वेचा मोठा कारखाना होता, त्यामुळे १८७१ मध्ये १३-१४ वर्षांचा पोरगा तिथे उमेदवारी करताना दिसला तर तो जोरदार दावेदार धरा. पण धंदा जुळणं हा पुरावा नव्हे.

दोन खाचा आहेत. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून मार्चअखेरचं मूल एप्रिल-जूनच्या तिमाहीत निघतं. आणि १८७५ पूर्वी नोंदणीची सक्ती ढिली होती, काही जन्म सूचीत नाहीतच. तिथे बाप्तिस्म्यावरच भागवावं लागतं.

तापीकाठ
वरच्या उत्तराला जोडून, १८३७ च्या मागे जायची वाट.

फिटरच्या आईबापाचं लग्न १८३७ नंतरचं असणार, म्हणजे त्या दाखल्यावर दोघांच्याही वडिलांची नावं आणि धंदे येतात. तो दाखला विकत घ्याच, सूचीवर भागवू नका. बापाचं जन्मगाव १८५१ किंवा १८६१ च्या जनगणनेतून घ्या. १८४१ च्या जनगणनेवर विसंबू नका: त्यात १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत आणि जन्मगाव नाही, फक्त त्याच काउंटीत जन्म आहे की नाही एवढंच.

गाव मिळालं की पॅरिशची वही. १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफन छापील तक्त्यात आहेत: बाप्तिस्म्याला आईबापाची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. दफनाला नाव, ठिकाण, तारीख, वय. बापाचं नाव नाही, त्यामुळे मोठ्या माणसाचं दफन एकट्यानं काही सिद्ध करत नाही. १८१३ च्या आधी सगळं पाद्रीच्या मर्जीवर. कुणी आईचं नावही लिहीत नाही, कुणी धंदा, वय सगळं लिहितो.

लग्नांची गोष्ट वेगळी. २५ मार्च १७५४ पासून लग्न चर्चमध्येच, बॅन्स (चर्चमध्ये आधी केलेली लग्नाची जाहीर घोषणा) वाचून किंवा परवाना घेऊन, आणि वर-वधू व साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी फुली. क्वेकर आणि ज्यू तेवढे यातून सुटलेले. लग्न बहुधा वधूच्या गावी होतं. नवऱ्याच्या पॅरिशमध्ये लग्न सापडेना तर शेजारची दहा-पंधरा पॅरिशं चाळावी लागतात. बॅन्सची वही वेगळी असते, तिच्यात दोघांचीही पॅरिशं असतात.

१७५२ पूर्वीच्या तारखांना जपा. इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. वहीत फेब्रुवारी १७२० लिहिलंय ते आपल्या हिशेबानं १७२१. हे न पाहिल्यामुळे लोक लग्नाआधी मूल झालं असं समजून बसतात! तुम्ही तारीख उतरवताना १७२०/२१ असं दोन्ही लिहा. १७३३ पूर्वी काही वह्या लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. आणि १६५३ ते १६६० ची पानं बऱ्याच ठिकाणी विस्कळीत किंवा गायब आहेत.

पान फाटलेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल शोधा. दप्तर वेगळं, म्हणून मूळ वही जळली तरी ती वाचलेली असते. ती उतरवणाऱ्याच्या चुका वेगळ्या, कधी मूळ वहीत नसलेला तपशीलही असतो. दोन्ही असतील तर दोन्ही पाहा. डर्बीशायरच्या मूळ वह्या मॅटलॉकच्या डर्बीशायर रेकॉर्ड ऑफिसात आहेत, तर त्या भागाच्या बिशपचं दप्तर लिचफिल्डचं.

लोकोशेड_भुसावळ
चौघांतले दोन लहानपणीच गेलेले निघाले. तिसरा १८९१ ला डर्बीतच. उरला एक, बाप लोहार. मग हाच ना? आणि लोहारासारख्या माणसानं मृत्युपत्र केलं असेल का?

जुनी_वही
सूचीत न आलेला पाचवाही असू शकतो. प्रत्येक पॅरिशची वही ऑनलाइन सूचीत चढलेली नाही. शिवाय चर्च ऑफ इंग्लंड सोडून मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असलेल्या घरांची मुलं गावच्या वहीत पुष्कळदा दिसत नाहीत. त्यांची जुनी रजिस्टरं वेगळी, बरीचशी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. एक उरला म्हणजे जवळ आलात, एवढंच. दुसऱ्या बाजूचा कागद हवा. या लोहाराच्या बायकोचं माहेरचं आडनाव भुसावळच्या एखाद्या नातवाच्या मधल्या नावात आलं, किंवा इकडच्या साक्षीदारांत त्याच्या भावाचं नाव निघालं, तर गाठ बसली.

तापीकाठ
लोहारानं केलेलं असू शकतं. शेतकरी, लोहार, सुतार, विधवा, सगळ्यांची मृत्युपत्रं सापडतात. मोलमजुरी करणाऱ्यांची क्वचित. मात्र लग्न झालेल्या बाईचं १८८२ च्या कायद्यापूर्वी शोधण्यात वेळ घालवू नका, नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला ते करता येत नव्हतं.

१२ जानेवारी १८५८ ही तारीख पाठ करा. तिच्यानंतर सगळ्या इंग्लंडचं एकच प्रोबेट (मृत्युपत्र मंजुरीचं) दप्तर आणि वर्षवार सूची. भारतात वारलेल्या माणसाची तिकडे मालमत्ता असेल तर त्याचंही नाव तिथे येतं, भुसावळचा फिटरसुद्धा तपासून घ्या. त्या तारखेच्या आधी मात्र मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात, आणि कोर्टं ढिगानं. डर्बीशायरच्या बहुतेकांसाठी लिचफिल्डचं बिशपचं कोर्ट. ते दप्तर आता स्टॅफर्डशायर रेकॉर्ड ऑफिसकडे आहे. बेकवेल, टाइड्सवेलसारखी काही पॅरिशं लिचफिल्डच्याच डीन आणि चॅप्टरच्या (कॅथीड्रलच्या पाद्र्यांचं मंडळ) वेगळ्या अधिकारात होती, त्यांच्या सूच्या वेगळ्या पाहाव्या लागतात. एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असेल, किंवा माणूस पैसेवाला असेल, तर कँटरबरीचं वरिष्ठ कोर्ट. त्याची १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्ह्जच्या प्रॉब ११ मालिकेत, नावानं शोधता येतात. खालून वर जा: आधी लिचफिल्ड, मग कँटरबरी.

वाचताना घोळ होतो तो नात्यांत. ‘फादर-इन-लॉ’ हा सावत्र बापही असू शकतो, ‘कझिन’ पुतण्या किंवा भाचाही. थोरल्या मुलाचं नावच नाही म्हणजे तो मेला असं नाही. जमीन कायद्यानं त्याच्याकडे जाणारच होती, म्हणून लिहिलं नाही. एक शिलिंग दिला म्हणजे भांडण झालं असंही नाही, वाटा आधी देऊन झालेला असतो. लग्न झालेल्या मुली ‘अमक्याची बायको’ म्हणून येतात आणि नातवंडंही नावानिशी, त्या एका कागदावर तीन पिढ्या बसतात. साधारण १७५० पूर्वीच्या मृत्युपत्रासोबत घरातल्या वस्तूंची यादी जोडलेली मिळाली तर सोडू नका. ऐरण, भाता, हातोडे त्यात किमतीसकट लिहिलेले असतात, लोहार खरोखर लोहारच होता का ते त्यावरून कळतं.

मृत्युपत्र सापडलं नाही तर ‘अॅडमिनिस्ट्रेशन’ची सूची बघा. मृत्युपत्र न करता गेलेल्याचा कारभार ज्याला सोपवला त्याचं नाव तिथे असतं, बहुधा बायको किंवा थोरला मुलगा.

लोकोशेड_भुसावळ
मुलांच्या बाप्तिस्म्यांची छायाचित्रं मागवली आहेत. मधली नावं मिळाली की इथेच टाकतो.