आयव्हीएफ स्वस्त करायचं तर आधी बिलातलं काय कापायचं?

सरळरेघ

आयव्हीएफ, म्हणजे बीजांड आणि शुक्राणू शरीराबाहेर लॅबमध्ये एकत्र करून गर्भ तयार करणं, परवडत नाही म्हटलं की दोनच सूर लागतात. एक म्हणतो, सरकारने फुकट करावं. दुसरा म्हणतो, मूल होणं हा काही हक्क नाही, ऐपत असेल त्याने करावं. माझं म्हणणं दोघांनाही आवडणार नाही. पैसा कोणी भरायचा हे नंतर बघू, आधी तो जातो कशावर ते बघू.

माझे तीन प्रयत्न झाले. दुसऱ्या वेळी गर्भ आत सोडायचा दिवस होता. सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसावं म्हणून त्या वेळी लघवीची पिशवी भरलेली लागते. लिटरभर पाणी पिऊन, पाय आवळून बाकावर बसलेय आणि नर्स कागद घेऊन आली. गर्भ चिकटावा म्हणून खास द्रव, गर्भाच्या कवचाला लेझरने छेद, आणखी दोन गोष्टी. प्रत्येकीसमोर चौकोन आणि चौकोनासमोर वेगळी रक्कम. "बहुतेक जणी घेतात," ती म्हणाली. मी चारही चौकोनांत टिक केली. त्या अवस्थेत इमारतीच्या रंगकामाचा खर्च मागितला असता तरी मी सही ठोकली असती.

नंतर डोकं ठिकाणावर आल्यावर वाचत बसले. गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढला की गर्भ रुजतो, असा समज बरीच वर्षं होता. २०१९ मध्ये तेराशेहून जास्त बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, फायदा शून्य. इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडणं, १९९२ च्या सुमारास आलं ते शुक्राणू अगदीच कमी असलेल्या पुरुषांसाठी. आता शुक्राणू ठणठणीत असले तरी सर्रास करतात. व्हिएतनाममध्ये हजारावर जोडप्यांत याची तुलना झाली, २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक असेल तर इक्सीने जास्त मुलं जन्मत नाहीत. दर काही मिनिटांनी गर्भाचे फोटो काढणारे इन्क्युबेटर, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवायच्या पेट्या? २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत तेच उत्तर.

म्हणून मागणी अशी: सार्वजनिक पैसा किंवा विमा मिळावा, पण पुराव्याला उतरलेल्या उपचारांनाच, आणि एका वेळी एकच गर्भ सोडायचा या अटीवर. बेल्जियमने २००३ मध्ये हाच सौदा केला. ४३ वर्षांपर्यंत सहा प्रयत्नांचा लॅबचा खर्च सरकार देणार, बदल्यात ३६ च्या आतल्या बाईला पहिल्या प्रयत्नात एकच गर्भ. जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

पारंबी

ताई, तुमचा अनुभव वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण शेवटच्या परिच्छेदाला माझा ठाम विरोध.

तुम्ही बेल्जियम सांगितलंत, मी क्वेबेक सांगतो. कॅनडाच्या या प्रांताने ऑगस्ट २०१० मध्ये आयव्हीएफ फुकट केलं. गर्दी अशी उसळली की खर्चाचे सगळे अंदाज कोसळले आणि २०१५ मध्ये योजना गुंडाळावी लागली. २०२१ मध्ये परत आणली ती एकाच प्रयत्नापुरती. फुकट म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून. तो दुसरा डायलिसिसच्या रांगेत उभा असू शकतो.

दुसरं. बीजांड गर्भाशयाकडे नेणारी बीजनलिका बंद होण्याचं मोठं कारण म्हणजे वेळेवर बरा न केलेला संसर्ग. क्लॅमिडिया, गनोरिया असे लैंगिक संबंधातून होणारे आजार, असुरक्षित गर्भपात, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग. साध्या प्रतिजैविकांनी वेळीच बरा होणारा आजार दहा वर्षांनी आयव्हीएफचं बिल होऊन येतो. तेवढ्याच पैशात किती जणींच्या नलिका वाचतील, याचा हिशोब कोणी मांडत नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसायला लोक मात्र हौसेने तयार.

सरळरेघ

पारंबीदादा, क्वेबेकची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या योजनेत सुरुवातीला वयाची मर्यादाच नव्हती. खर्च फुगला तो त्यामुळेही. आणि एकच गर्भ सोडायचा दंडक आला तसं जुळ्यांचं प्रमाण चौथ्या हिश्श्यावरून साधारण विसात एकावर उतरलं. याची बचत क्लिनिकच्या बिलात दिसत नाही, नवजात अतिदक्षता विभागाच्या बिलात दिसते. जुळी बाळं बहुधा वेळेआधी येतात, काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे राहतात. तो खर्च आजही बऱ्याच देशांत सरकार नाहीतर विमा कंपनीच भरते.

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. स्वतःच्या खिशातून सगळं गेलेलं जोडपं डॉक्टरला काय म्हणतं? "दोन टाका, तीन टाका, पुन्हा यायला पैसे नाहीत." मी स्वतः म्हटलंय. २००४ मध्ये ३६ च्या आतल्या बायकांवरची स्वीडिश संशोधकांची चाचणी आली. एकदम दोन गर्भ सोडले तर १०० पैकी ४३ जणींना मूल झालं. आधी एक, आणि तो नाही रुजला तर गोठवलेला दुसरा, असं केलं तर ३९ जणींना. फरक एवढाच. पण पहिल्या गटातल्या बाळंतपणांत ३३ टक्के जुळी होती, दुसऱ्यात एक टक्काही नाही. गरीब पेशंटला जुगार खेळायला लावायचा आणि मग जुळी झाली म्हणून तिलाच बोल लावायचा, हे काही खरं नाही.

संसर्ग रोखण्याबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त ज्यांच्या नलिका आधीच बंद झाल्यात, त्यांना काय सांगायचं?

फुलपाखरू_७

एवढी अनाथ मुलं आहेत जगात. दत्तक घ्या, प्रश्न मिटला.

सरळरेघ

घेऊया की. आधी तुम्ही घ्या, मग मी. दत्तक घ्यायची जबाबदारी फक्त ज्यांना मूल होत नाही त्यांचीच का, हे कधीतरी समजावून सांगा.

उबवणी

लॅबमध्ये काम करते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

सरळरेघ, ॲड-ऑनबद्दल, म्हणजे त्या चौकोनांतल्या वरच्या गोष्टींबद्दल, बरोबर बोललात. आमच्यातही त्यावर कुजबुज असते. पण 'बिलातलं कापा' म्हटलं की व्यवस्थापनाची कात्री सगळ्यात आधी लॅबवर फिरते. रविवारी गोठवलेले गर्भ ठेवलेली द्रव नायट्रोजनची टाकी भरायला कोणीतरी यावंच लागतं. रात्री तीनला इन्क्युबेटरचा अलार्म वाजला तर गाडी काढावी लागते. प्रत्येक डिशवर नाव लिहिताना दुसऱ्या माणसाने शेजारी उभं राहून वाचायचं आणि सही करायची. पेशंटला तो दुसरा माणूस कधीच दिसत नाही. त्याला कमी केलं तर बिल घटतं, आणि एक दिवस कोणाचा तरी गर्भ भलत्याच बाईच्या पोटात जातो. फोटोवाल्या इन्क्युबेटरने जास्त मुलं होत नाहीत, मान्य. आमचं काम मात्र सोपं होतं, झाकण सारखं उघडावं लागत नाही. फक्त त्याचे पैसे पेशंटकडून 'यश वाढेल' म्हणून घेऊ नयेत.

स्वस्त करता येतं ते असं. १९७८ मध्ये लुईस ब्राऊन जन्मली ती एकाही हार्मोन इंजेक्शनशिवाय, नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजांडातून. त्या पद्धतीत यश कमी मिळतं, म्हणून तिकडे परत जा म्हणत नाही. पण भरमसाट इंजेक्शनांनी वीस बीजांडं काढायचा अट्टहास कशाला? सौम्य मात्रेत आठ-दहा मिळाली तरी पुष्कळांचं काम भागतं. युरोपात २०१३ पासून त्याच हार्मोनचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते पर्याय, आहेत. सगळे गर्भ गोठवायचेच असतील तर अवेळी बीजांड सुटू नये म्हणून द्यायच्या इंजेक्शनऐवजी प्रोजेस्टिन या हार्मोनच्या साध्या गोळ्या चालतात. आणि पीसीओएस या हार्मोनच्या बिघाडामुळे बीजांडच सुटत नसेल, तर ते सुटावं म्हणून द्यायच्या लेट्रोझोलच्या गोळ्या नीट घेऊन बघितल्याशिवाय आयव्हीएफचं नाव काढणं हा शुद्ध घाईचा धंदा.

बेल्जियममधल्या खेंक शहरात तर इन्क्युबेटरशिवाय गर्भ वाढवून दाखवले आहेत. काचेच्या बंद नळ्या, सायट्रिक ॲसिड आणि सोडा. दोन्ही मिसळले की लागणारा कार्बन डायऑक्साइड तिथेच तयार होतो. एकाच बाईची बीजांडं दोन गटांत वाटून नेहमीच्या पद्धतीशी तुलना केली, गर्भ तोडीस तोड निघाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी आठवला. अर्थात, माझ्या लॅबमध्ये तो आणायला मी अजून राजी नाही.

तिरपाळ

एवढ्या चर्चेत पुरुष कुठेच नाहीत, म्हणून लिहितो. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. वीर्यतपासणी ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त तपासणी. माझी कधी झाली? बायकोने दोन वर्षं गोळ्या खाल्ल्यावर आणि तिच्या पोटात दुर्बीण घालून झाल्यावर. कोणी सांगितलं नाही, हे खरं. मीही विचारलं नाही, हे जास्त खरं. प्लास्टिकची डबी हातात घेऊन काउंटरवर उभं राहायची लाज वाटत होती. दोन वर्षांचा खर्च त्या लाजेचा.

चांदणवेल

मी ४१ ची आहे, त्यामुळे वयाच्या मर्यादेचा मुद्दा माझ्या अंगावर येतो.

जपानने एप्रिल २०२२ पासून आयव्हीएफ विम्यात घेतलं. पेशंटने तीन दशांश भरायचे. पण उपचार सुरू करताना वय ४० च्या आत असेल तर सहा ट्रान्सफर, म्हणजे सहा वेळा गर्भ आत सोडणं, ४० ते ४२ असेल तर तीन, आणि ४३ पूर्ण झाली की काही नाही. इस्रायल स्वतःच्या बीजांडांसाठी ४५ पर्यंत देतं, दोन मुलं होईपर्यंत. म्हणजे सीमारेषा जीवशास्त्र एकटं ठरवत नाही, देशाचं मन ठरवतं. स्वतःच्या बीजांडांनी चाळिशीनंतर यश झपाट्याने घसरतं हे मला कोणी सांगायची गरज नाही, माझ्या दोन निगेटिव्ह बीटा रिपोर्टांनी, म्हणजे गर्भ राहिला का ते बघायच्या रक्ततपासणीने, सांगून झालंय. सार्वजनिक पैशाला रेघ लागणार हेही कळतं. पण रेघेच्या पलीकडच्या बाईला 'उशीर तुम्हीच केलात' हे ऐकवू नका. माझा उशीर तिशीत चार वर्षं पैसे साठवण्यात गेला.

पारंबी

चांदणवेल, हे वाचून गप्प झालो. माझ्या मनातला उशीर वेगळा होता, कबूल.

तरी विरोध पूर्ण मागे घेत नाही. एक गर्भ, वयाची रेघ, ॲड-ऑनला पैसा नाही, आणि सोबत संसर्गाच्या तपासणीला वेगळी तरतूद, एवढं लेखी असेल तर माझा हात वर. यातली एकही अट सुटली तर ते क्वेबेकच होणार. आणि अटी सुटतातच, निवडणूक जवळ आली की आधी वयाचीच सुटते.

उबवणी, तो दुसरा माणूस कमी करू नये याला मात्र विनाशर्त पाठिंबा.

दवबिंदू

मध्येच विचारते, माफ करा. माझं ट्रान्सफर परवा आहे. तो चौकोनांचा कागद मलाही देतील बहुतेक. काय करू?

सरळरेघ

कागद उद्याच मागून घ्या, घरी बसून वाचा. प्रत्येक चौकोनाबद्दल एकच विचारा: हे न घेता मूल व्हायची शक्यता किती आणि घेऊन किती, आकडा सांगा. आकडा मिळाला नाही तर तो चौकोन रिकामा ठेवा. आणि पाणी किती प्यायचं तेही आधीच विचारून ठेवा, माझ्यासारखं लिटरभर ढोसू नका.