कानबाईत माझ्या अंगात आलं म्हणतात, डॉक्टर म्हणतात पॅनिक अटॅक. घरी कसं सांगू?

तापीकाठ_93:
वय 31, गाव अमळनेर तालुक्यात, नोकरी पुण्याला, घरात मोठा मुलगा मीच. मागच्या श्रावणात कानबाईला, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, आलो होतो. नागपंचमीनंतरचा रविवार, सुरतचे काका, नाशिकची आत्या, सगळी भाऊबंदकी मिळून चाळीसेक माणूस घरात. रात्री जागराला डफ सुरू झाला आणि माझी छाती एकदम आवळली, बोटांना मुंग्या येऊन ती वाकडी झाली, श्वास पुरेना, अंग थडथड उडायला लागलं, वाटलं गेलो आता. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं "माय आली, माय आली!" आत्याने कपाळभर हळदकुंकू फासलं, काकांनी पायावर डोकं ठेवलं, काकू विचारते माय, मन्ही पोरनं लगीन कवय व्हई? मला पाणी पाहिजे होतं हो. पाणी कोणी दिलं नाही.

नंतर पुण्यात ऑफिसमध्ये दोनदा तसंच झालं, ईसीजी नॉर्मल, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. अडीच महिने झाले गोळ्या चालू, झोप लागायला लागली. घरी फक्त आईला माहितीय. आता बाबा म्हणतात यंदा कानबाई तूच मांडायची, देवीने तुला निवडलंय, दोन दिवस कडक उपवास धर. आणि आई हळूच म्हणते तेवढे दिवस गोळ्या बंद ठेव, देवीसमोर त्या नको, अन् कोणाला कळलं तर पोरगी कोण देईल. माझा देवीवर राग नाही, रोट तर मला मनापासून आवडतो, पण खोटंखोटं देव व्हायचं नाहीये. काय करू?

धुळेकर_सिस्टर:
सरकारी दवाखान्यात नोकरी करते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नको, एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, डोक्यात शॉक बसल्यासारखं होतं आणि मग घरचे म्हणतील बघा देवी कोपली. गोळीने उपवास मोडत नाही, पण निर्जळी धरायच्या आधी डॉक्टरांना फोन कर. तुझ्यासाठी नाही, पण इथे वाचणाऱ्या कोणाला लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू असेल तर निर्जळी नकोच, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. आणि एक सरळ विचारते, जीव नकोसा वाटतो का कधी? वाटलं तर 14416 लाव, टेलिमानस, फुकट आहे, रात्री बेरात्री पण उचलतात, मराठीत बोलतात.

रोखठोक_भो:
कशाला समजावत बसतो, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, एकदा नाव घे म्हणजे सगळे गप.

धुळेकर_सिस्टर:
@रोखठोक_भो भूत उतरवतो म्हणून साखळीने बांधून मारणं, अंगात आल्याचं सोंग करून लोकांना धमकावणं, अशांसाठी तो कायदा. काका पाया पडले म्हणून पोलीस बोलवतो का?

आखाजीची_लेक:
भाऊ, माझ्या मिस्टरांचं सेम, फक्त त्यांना देवी नाही, बाहेरचं लागलं म्हणाले. भगत झाला, उतारा झाला, तिठ्यावर नारळ फोडून झाले, आठ महिने गेले त्याच्यात. सासूबाईंशी वाद घालून काहीच उपयोग झाला नाही, मी म्हणायची आजार आहे, त्या म्हणायच्या तुले काय समजस. मग एक दिवस त्यांची बीपीची गोळी आणि ह्यांची गोळी एकाच डबीत ठेवायला लागले. त्या रोज डबी उघडायच्या, बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. महिन्याने स्वतःच हाक मारली, "ए, त्यानी गोळी ऱ्हायनी." (त्याची गोळी राहिली.) तू आईला हाताशी धर. बाबांशी चार माणसात बोलू नको, शेतात एकटे असताना बोल.

सातपुडा_साठी:
देवीचा अपमान वाटू नये म्हणून सांगतो, आमच्यात पण अंगात येतं आणि मी मानतो. पण माझी आजी म्हणायची, येणारी माय पाणी मागत नाही. तू पाणी मागत होता. तुझ्या बाबांना हेच सांग, ह्याच शब्दात, त्यांना ही भाषा कळेल.

तापीकाठ_93:
बोललो. कपाशीला खत टाकायला गेलो होतो दोघं. पाण्याचं सांगितलं तसे बाबा बराच वेळ गोणीची सुतळी सोडत बसले, ती आधीच सुटलेली होती. मग म्हणे गोळी किती वाजता असते? म्हटलं रात्री नऊ. म्हणे मांडायचं धाकटा करेल, तू डफापासून लांब ओट्यावर बस, पाण्याचा तांब्या घेऊन. लग्नाचा विषय काढला नाही त्यांनी, मी पण नाही.

काका शनिवारी येताहेत सुरतहून, त्यांनी नवं धोतर आणलंय म्हणे माझ्यासाठी. ते कसं निस्तरायचं ते सुचलं तर सांगा.