मदत हवी आहे: मागण्या पाच कोटींच्या, पैसे तीन कोटी. क्रम कसा लावायचा?

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत आमची घरची फौंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. महिन्याला साधारण ३५० टन मेल्टिंग. हिशेब मी बघते, शॉप बाबा आणि काका. यंदा स्वतःचे आणि बँकेचे मिळून ३ कोटी घालता येतील. प्रस्ताव मात्र ५ कोटी १० लाखांचे आहेत. त्यातला ४० लाखांचा डस्ट कलेक्टर प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातली अट आहे, म्हणून तो क्रमवारीत धरलाच नाही. उरले २ कोटी ६० लाख.

धातू वितळवायची नवी इंडक्शन (विजेची) भट्टी १६० लाख. जुनी टनाला ७०० युनिट वीज खाते, नवीला ५८० पुरतात असं पुरवठादार सांगतो. साडेआठ रुपये युनिटने वर्षाला ४२ लाख वाचतात. साच्यांची वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा रिक्लेमेशन प्लांट १२० लाख, बचत ३० लाख. छतावर सोलर ८० लाख, बचत २२ लाख. दोन व्हीएमसी (ओतलेल्या भागांचं मशीनिंग करणारी, संगणकावर चालणारी यंत्रं) ११० लाख, मिळकत ४० लाख. पण ती एका ग्राहकाच्या तोंडी शब्दावर. मशीनिंग करून कास्टिंग (ओतलेले भाग) दिलंत तर ऑर्डर वाढवतो म्हणालाय.

१० वर्षं आणि १२ टक्के दर धरून निव्वळ वर्तमान मूल्य काढलं, म्हणजे पुढची बचत आजच्या पैशात मोजून त्यातून खर्च वजा: व्हीएमसी ११६ लाख, भट्टी ७७, वाळू ४९, सोलर ४४. गुंतवलेल्या रुपयामागे बघितलं तर व्हीएमसीनंतर सोलर येतं, मग भट्टी, मग वाळू. बाबा फक्त पैसे किती वर्षांत सुटतात ते बघतात. काकांनी नफा, धोका, ग्राहक असे गुण देऊन तक्ता केलाय, पण धोक्याचं वजन थोडं हलवलं की त्यातला पहिला तिसरा होतो. व्हीएमसी आणि भट्टी घ्यावी तर १० लाख कमी पडतात. ऑर्डर निम्मीच आली तर दोन व्हीएमसींचं मूल्य ११६ वरून जेमतेम ३ लाखांवर येतं, याची मला खरी काळजी आहे. पुढच्या आठवड्यात बँकेत कागद द्यायचेत. तुम्ही कसा क्रम लावला असता?

प्रतिसाद:

ताई, डस्ट कलेक्टर बाजूला काढलात ते योग्य केलंत. रुपयामागचा क्रम प्रकल्पाचे तुकडे पाडता येतात तेव्हाच चालतो. तुमच्याकडे व्हीएमसी आणि सोलर घेतल्यावर ७० लाख नुसते पडून राहतात. चारच प्रस्ताव आहेत, सगळ्या जोड्या मांडून बघा.

दोन व्हीएमसी कशाला? एकच घ्या. ५५ लाखांत निम्मी ऑर्डर निघते, मूल्य ५८ लाख. तिच्यासोबत वाळू आणि सोलर: एकूण खर्च २५५ लाख, मूल्य १५१ लाख, आणि हे निम्म्या ऑर्डरवर. दोन व्हीएमसी आणि भट्टी घेतली, तर ऑर्डर पूर्ण आली की १९३ आणि निम्मी आली की ८०. दोन्ही शक्यता सारख्या धरल्या तरी सरासरी १३६, शिवाय वरचे १० लाख उभे करायचे. सोलर १० वर्षांवर तोडल्यामुळे तुमच्या आकड्यात कमीच दिसतंय. पॅनेलला सहसा २५ वर्षांची कामगिरीची हमी असते, प्राप्तिकरात घसाराही ४० टक्के मिळतो.

भट्टी पुढच्या वर्षी घ्या, पण त्याआधी पुरवठादाराचे ५८० युनिट चालू फौंड्रीत जाऊन मीटरवर बघून या. तुमची ४२ लाखांची बचत पूर्ण त्या एका आकड्यावर उभी आहे. काकांचा तक्ता टाकू नका. मूल्य जवळजवळ सारखं येणाऱ्या दोन जोड्यांत निवड करायला तो उपयोगी पडेल. आणि ग्राहकाकडून निदान लेटर ऑफ इंटेंट (ऑर्डर देण्याचा इरादा सांगणारं लेखी पत्र) घ्या, बँकही तेच मागेल.